शंभर मिलीत एक

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

पाणी तपासायच्या तुझ्या छोट्या चिपवर अर्ध्या तासात पाण्यातला ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, कळतो, हे वाचून फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू चिपवर एक थेंब ठेवतेस. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक मात्र 100 मिलीत एकही ई. कोलाय चालवून घेत नाही. तेवढ्या पाण्यात एकच असेल, तर तो नेमका तुझ्या थेंबात येणार कसा? प्रयोगशाळेत आम्ही सगळे 100 मिली गाळून फिल्टरवरचे जिवाणू वाढवतो. गाळण्याची तशी सोय आधी कर, तीही विजेशिवाय चालणारी. माझ्या मते वेग वाढवण्याआधी हेच सुटायला हवं.

शिवाय तुझी चाचणी डीएनए ओळखते. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर जिवाणू मरतात, पण त्यांचा डीएनए काही काळ पाण्यात राहतो. मग शुद्ध केलेली विहीरही दूषित ठरायची, आणि गावाचा एकदा उडालेला विश्वास परत मिळत नाही.

पाणी तपासायची एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइडची) बाटली तू लहानपणी पाहिली आहेस. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी ती पद्धत 1982 मध्ये मांडली. विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा बाटलीतल्या लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ते दिसतं. म्हणून मला ती फार मोलाची वाटते. पण काळी पडायला रात्र जाते, कधी त्याहून जास्त, आणि तोवर हंडा पिऊन संपतो. तुझ्या कामाची गरज आहे ती इथे.

काळजी वाटते ती 'नाही' या उत्तराची. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. क्लोरीन वाढवल्यामुळे जिवाणूंचे आजार पसरले नाहीत, पण सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू होता, पुढे त्याला हेपटायटिस ई म्हणू लागले. तुझ्या चिपलाही तो दिसणार नाही. तेव्हा पडद्यावर 'पाणी सुरक्षित' असं कधीही उमटू देऊ नकोस. 'ई. कोलाय सापडला नाही' एवढंच लिही, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत.

जूनमध्ये येशील तेव्हा चार-सहा चिप घेऊन ये. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळ होतं. त्या गाळाने फिल्टर तुंबतो का, ते बघू.

तुझी आई