चित्राखाली माध्यम पण छापा

संपादक साहेब, नमस्कार,

मी साताऱ्यात तीसेक वर्षं फ्रेमिंगचं दुकान चालवतोय, तुमचा पेपर रोज दुकानात येतो. मागच्या रविवारी पुरवणीत हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र आलं होतं आणि खाली नुसतं ‘जगप्रसिद्ध पेंटिंग’. कोणाचं, कशाने काढलेलं, केवढं, काही म्हणजे काही नाही. संध्याकाळपर्यंत दोघंजण ते पान घेऊन दुकानात आले, रविवर्म्याचं हे पोस्टर लावून द्या म्हणून. अहो ते रविवर्म्याचं नाहीच! आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, ‘ग्लो ऑफ होप’, १९४५-४६ मधलं, रविवर्मा तर १९०६ लाच गेले. चित्रातली मुलगी म्हणजे हळदणकरांचीच मुलगी गीता, आणि मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे.

पण मला खरं बोलायचंय ते माध्यमाबद्दल. हे चित्र वॉटरकलर आहे. लोकांना वाटतं ऑइल असेल, एवढा अंधार आणि एवढा उजेड पाण्याच्या रंगात कसा येईल. ऑइलमध्ये काही चुकलं तर वाळल्यावर वरून परत रंग चढवता येतो, वॉटरकलरमध्ये पांढरं म्हणजे कागद, उजेडाची जागा आधीपासून राखून ठेवायची आणि अंधार एकावर एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचे थर, देत आणायचा, कुठे जास्त झाला की मग गेलंच. एवढं कळलं ना की त्या बोटांमधून येणारा तांबूस उजेड माणूस परत एकदा थांबून बघतो.

आणि हे नुसतं कौतुकापुरतं नाहीये. दोनेक वर्षांपूर्वी एक ताई वडिलांनी काढलेलं चित्र घेऊन आल्या, नदीचा घाट, मागे डोंगर. काच फुटली होती म्हणून त्यांनी चित्र बाहेर काढलं, धूळ बसली होती, कोणीतरी सांगितलं पेंटिंग ओल्या फडक्याने हलकं पुसलं तर चालतं. ते वॉटरकलर होतं. अर्धं आभाळ फडक्याला आलं होतं, डोंगराचा निळा खाली घाटावर ओघळला होता, कोपऱ्यातल्या सहीतलं फक्त आडनाव शिल्लक. त्या म्हणाल्या, भाऊ, मला काय माहीत, घरात सगळे पेंटिंगच म्हणायचे. मी नवीन माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, टाकून, काच कागदाला टेकणार नाही अशी फ्रेम करून दिली, पण गेलेलं आभाळ मी कुठून आणणार?

याच्या उलट पण होतं. जुन्या वाड्यांतून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी येतात, काहींच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या. लोक म्हणतात ओरिजिनल आहे, लाखात जाईल ना? मी भिंग देतो हातात आणि म्हणतो बघा. बारीक बारीक ठिपके दिसतात, ती छपाई. ओलिओग्राफ म्हणतात त्याला. रविवर्म्यांचा प्रेस १८९४ ला मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला, तिथे प्रत्येक रंगाचा छपाईचा दगड वेगळा आणि तोच कागद एकेका दगडावर दाबून काढायचा. छापील आहे म्हटल्यावर काहींचा चेहरा पडतो, एकजण तर म्हणाला मग फ्रेम ठेवा, चित्र टाकून द्या. मी नाही टाकलं. कॅलेंडरचे ठिपके यंत्राचे, एका मापाचे असतात, ओलिओग्राफचे माणसाने दगडावर हाताने दिलेले, ते लहानमोठे दिसतात. छपाईची पण एक कला आहे, तिला पेंटिंग म्हणून मोठं करायची गरज नाही आणि पेंटिंग नाही म्हणून रद्दीत घालायची तर अजिबात नाही. रविवर्म्यांची मूळ ऑइल बघायची असतील तर आमच्या इथून औंधचं म्युझियम जवळ आहे, बघून या, मग तसबीर बघा, फरक आपोआप कळेल.

मूर्तींचं तेच. शिल्पकार म्हात्रेंची ‘मंदिरपथगामिनी’ फोटोत बघून सगळे संगमरवर म्हणतात, ती प्लास्टरमध्ये केलेली आहे. अजिंठ्याला सर्रास फ्रेस्को लिहितात, फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर रंग, अजिंठ्यात मातीच्या लेपावर पातळ चुना देऊन तो वाळल्यावर रंगवलंय.

एक मात्र मला अजून खटकतं ते सांगतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचं चित्रकथीचं एक पान एकाने फ्रेमला आणलं होतं. ठाकर समाजाची कला ही, पोथीतली चित्रं एकामागून एक समोर धरायची, वीणा, टाळ, हुडूक वाजवत गोष्ट गाऊन सांगायची. मी फ्रेम केली, चांगली केली, पण भिंतीवर टांगल्यावर ते पान मुकं झाल्यासारखं वाटलं. अशा चित्राखाली ‘कागदावर रंग’ एवढंच लिहून पण भागणार नाही, हे गाऊन दाखवायचं चित्र आहे असं कोणीतरी लिहायला पाहिजे.

तर विनंती एवढीच की पुरवणीत कुठलंही चित्र, शिल्प, छापचित्र छापाल तेव्हा खाली एक ओळ द्या, कलाकार, माध्यम, आकार, सध्या कुठे आहे. जागा किती लागते हो, जाहिरातीतल्या फोन नंबरएवढी. आणि त्या दिव्याच्या चित्राचा खुलासा येत्या रविवारी करा. ते पान मी दुकानात काउंटरमागे लावलंय, तुमच्या ओळीखाली पेनाने लिहून ठेवलंय, हळदणकर, जलरंग, म्हैसूर.

– तुमचा रोजचा वाचक, सातारा