मंदारला पत्र: रीचच्या तारखांचा तिढा

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिले नाही आणि वास्तुशांतीलाही आलो नाही, याचा राग तू मनात धरून असशील आणि तो रास्तच आहे. आईची साखर आटोक्यात आहे, माझा खांदा होता तसाच आहे, बाकी सर्व ठीक. आज लिहायला बसलो ते अशा कारणासाठी, की घरात सांगितले तर सगळे माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहतील.

ओंकारने गेल्या आठवड्यात माझ्या संगणकावर ‘हेलो: रीच’ हा गेम संपवला, रीच या ग्रहाच्या पाडावाचा. शेवटच्या मोहिमेतील चित्रदृश्य सुरू असताना त्याने, बहुधा चाळा म्हणूनच, कॅमेरा एका बाजूला ढकलून धरला आणि पडद्याच्या कडेला शीतपेटीत झोपलेला मास्टर चीफ, म्हणजे हेलो मालिकेचा नायक, दिसला. ही गंमत आपण ऐकून होतो; शिरीषने तर तीवर चहाची पैजही लावली होती. पण ती प्रत्यक्ष पाहिल्यावर मला झोप लागेना, कारण ती तारीख ३० ऑगस्ट २५५२ आहे आणि एरिक नायलंडच्या ‘द फॉल ऑफ रीच’ या कादंबरीप्रमाणे त्या दिवशी हा गृहस्थ रीचच्या कक्षेतील गॅमा स्थानकावर, एका जहाजातील दिशादर्शनाची माहिती परग्रही शत्रूच्या हाती पडू नये म्हणून लढत होता. त्याची साथीदार लिंडा तिथेच मरणोन्मुख झाली. पिलर ऑफ ऑटम हे युद्धजहाज तेव्हा अंतराळात होते. गेममध्ये मात्र तेच जहाज आस्झोडच्या जहाजतोडणीच्या आवारातून, जमिनीवरून उड्डाण करते आणि चीफ आत गार पडून आहे.

तू आता हसून म्हणशील की ही थट्टा आहे, तिला पुरावा मानू नये. मान्य, शीतपेटी सोडून देऊ. तरीही २९ ऑगस्टचे काय करायचे? कादंबरीत त्या दिवशी चीफ नवे चिलखत चढवून आणि डोक्यात कोर्टाना ही यंत्रबुद्धी घेऊन, रीचवरील लष्कराच्या राखीव जागेत चाचणीचे अडथळे पार करतो आहे. गेममध्ये त्याच तारखेला कोर्टानाची निर्माती डॉक्टर हॅल्सी स्वॉर्ड बेस या लष्करी तळाच्या खाली खोल दडलेल्या प्रयोगशाळेत कोर्टाना नोबल सिक्सच्या, म्हणजे गेममध्ये आपण खेळतो त्या सैनिकाच्या, हाती सोपवते आहे, आणि वर शत्रूने ग्रह भाजायला घेतला आहे. कोर्टाना दोन ठिकाणी कशी, याचे उत्तर नंतर मिळाले: तिचा एक तुकडा हॅल्सीजवळ राहिला होता. यंत्रबुद्धीचे तुकडे होऊ शकतात, म्हणून मी गप्प बसलो. विशेष आवृत्तीच्या खोक्यात हॅल्सीची जी रोजनिशी दिली होती (तू ती माझ्याकडून नेलीस आणि मुखपृष्ठावर आमटीचा डाग पाडून परत केलीस), तिचा निम्मा खटाटोप अशाच सांधेजोडीसाठी आहे.

मला छळणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. आजवर झालेल्या सगळ्या दुरुस्त्या कोण कुठे होते याच्या आहेत. कोणाला काय ठाऊक होते, याची मला पटेल अशी दुरुस्ती कोणीच केलेली नाही. गेम २४ जुलैला सुरू होतो आणि पहिल्याच मोहिमेत कळते की शत्रू रीचवर उतरला आहे. १४ ऑगस्टला नोबल पथक अंतराळात जाऊन शत्रूचे प्रचंड जहाज नष्ट करते, पथकातला जॉर्ज त्यात मारला जातो, आणि दुसऱ्याच क्षणी शत्रूचा आणखी मोठा ताफा येऊन ठाकतो. २३ ऑगस्टला न्यू अलेक्झांड्रिया पेटलेले असते, नागरिकांनी भरलेली जहाजे उडता उडता पाडली जातात. एरिक नायलंडच्या कादंबरीत मात्र ३० ऑगस्टपर्यंत सर्व शांत आहे. स्पार्टनांना, म्हणजे चीफसारख्या चिलखती सैनिकांना, एकत्र बोलावून शत्रूच्या एका धर्मगुरूला जिवंत पकडण्याची मोहीम समजावून सांगतात, ऑटम त्या मोहिमेवर निघते, आणि मग एकाएकी तीनशेहून अधिक जहाजांचा ताफा प्रकट होऊन सगळे नौदल हादरते. ज्या ग्रहावरील एक मोठे शहर आठवड्यापूर्वी जळाले, त्याच ग्रहाच्या रक्षकांना शत्रू आल्याचे आश्चर्य वाटावे, हे कसे?

गुप्तहेर खात्याने बातमी दाबली, असे तू वसतिगृहात छातीठोकपणे सांगायचास. जुलैपुरते ते चालेल. व्हिसेग्राडच्या एका संदेशकेंद्रावरील तो पहिला हल्ला दडपता येतो. पण कक्षेतील तोफांच्या वीस अजस्र तळांवर बसलेल्या माणसांपासून, त्यांच्याच डोक्यावर फुटलेले ते जहाज कसे लपवणार? शिवाय कादंबरीत शत्रूला रीचचा पत्ता लागतो तो सिग्मा ऑक्टॅनसच्या लढाईनंतर कॅप्टन कीजच्या जहाजाला चिकटलेल्या हेरयंत्रामुळे. शत्रू आधीच खाली उतरून खोदकाम करत असेल, तर कीजच्या त्या चुकीला काही अर्थच उरत नाही, आणि त्या पुस्तकातील मला सर्वांत आवडणारा घाव तोच आहे.

आता आपले जुने भांडण. गेम तेवढा खरा आणि कादंबरी म्हणजे जाहिरात, असे तुझे म्हणणे. आणि मी सांगून थकलो की कादंबरी ऑक्टोबर २००१ मध्ये, पहिल्या गेमच्या सुमारे दोन आठवडे आधी बाजारात आली, तर ‘रीच’ आला सप्टेंबर २०१० मध्ये. नऊ वर्षे ज्या तारखांवर वाचकांनी विश्वास ठेवला, त्यांच्या अंगावर गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीने आपल्या शेवटच्या हेलोमधून पाच आठवड्यांचे युद्ध टाकले आणि निस्तरणे पुढच्या मंडळींकडे सोपवले. त्याच वर्षी कादंबरी पुन्हा छापली गेली, तरी ३० ऑगस्ट जिथल्या तिथे राहिली. मी आता या मतावर आलो आहे की दोन्ही सांधण्याचा नाद सोडावा. कादंबरी ही शकावली आहे, प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर वेळ, तारीख आणि स्थळ. ‘रीच’ ही बखर आहे, वीरांच्या मरणासाठी रचलेली. बखरीतील तारीख शकावलीशी जुळली नाही म्हणून कोणी बखर जाळत नाही, पण तिच्यावरून तिथीही ठरवत नाही. नोबल पथकातला एमिल पाठीत तलवार घुसलेली असताना शत्रूला ओढून घेऊन मरतो, ते दृश्य मी कुणालाही काढू देणार नाही. तारखेच्या वहीत मात्र त्याला जागा मिळणार नाही.

हे मी ओंकारला सांगितले, तर तो म्हणाला, “मामा, मग नोबल सिक्स मेलाच नाही का?” मला उत्तर सुचले नाही. तुला सुचेल, तू असल्या प्रसंगी निर्लज्जपणे काहीही ठोकून देतोस.

बाकी, नव्या घरात पाण्याचा त्रास मिटला का? वहिनींची बदली झाली असे शिरीषकडून कळले. अभिनंदन करावे की सांत्वन, ते तूच कळव. सईला दहावीसाठी शुभेच्छा. तिने विज्ञान घ्यावे की नाही यावर मला विचारू नकोस.

माझी तारखांची ती निळी वही शिरीषकडे नाही, म्हणजे तुझ्याकडे आहे. कुरियरने पाठव.

तुझा,
अभय

ता. क. ‘फर्स्ट स्ट्राइक’ या पुढच्या कादंबरीतला काळ वाकवणारा स्फटिक पुढे करून उत्तर देणार असशील, तर लिहूच नकोस. तो रीचवरून निघाल्यानंतरच्या दिवसांचा घोळ निस्तरतो. २९ ऑगस्टच्या आधीचा एक तासही त्याने हलत नाही.