आधी तळघर, मग रंग

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

वसंतात घर विकायला काढायचं हे आता नक्की झालं, पण फोनवर आपण दर वेळी रंगाच्या छटांवर येऊन अडकतो. बाबांना स्वयंपाकघर नवं करायचंय, आईला कुठलीही वस्तू हलवण्याआधी वेळ हवाय, आणि मी मध्येच काहीतरी बोलून दोघांचंही बोलणं तोडते. म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे. घाईने वाचू नका.

घर घेणारा माणूस आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च करायला निघालेला असतो आणि त्याला धास्ती असते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. छत गळतं का, पाया ओला आहे का, भिंतीच्या आत काय आहे. दिवाणखान्याचा रंग आवडला नाही तर तो स्वतः बदलेल. तळघरात कुबट वास आला तर मात्र तो मनातल्या मनात मोठी रक्कम वजा करतो, नाहीतर परत येतच नाही. आपले पैसे आणि तुमची ताकद आधी तिथे लावूया, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळं त्यानंतर.

वसंतात गिऱ्हाईक जास्त असतं हे खरं. मुलंबाळं असलेल्यांना शाळेचं वर्ष संपताच हलायचं असतं, आणि सौदा ठरल्यापासून किल्ल्या हातात येईपर्यंत एक-दोन महिने सहज जातात. दिवस मोठा असतो, कामावरून सुटल्यावरही उजेडात घर बघता येतं. पण त्याच वेळी आसपासची बरीच घरंही विक्रीला येतात, आणि लोक एका दुपारी चार-पाच घरं बघून तुलना करतात. शिवाय एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही: बर्फ वितळून आणि पाऊस पडून जमीन सगळ्यात जास्त ओली असते ती याच दिवसांत. म्हणजे तळघराचे दोष वर येतात तेव्हाच खरेदीदाराचा तपासनीस तिथे टॉर्च घेऊन उभा असतो. म्हणून ओलीचं काम हिवाळा संपायच्या आत व्हायला हवं.

बाबा, तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर खाली जो पांढरा लोणा दिसतो, तो खरवडून वर रंग मारू नका. पाणी भिंतीतून येताना क्षार सोबत आणतं आणि सुकताना ते मागे ठेवून जातं, म्हणजे तो लोणा पाण्याची वाट दाखवतो. रंगाने तो काही महिने झाकला जाईल आणि मग पोपडे धरतील. अनुभवी तपासनिसाला फक्त एकाच भिंतीवरचा ताजा रंग दिसला की तो तिथेच ओल मोजायचं यंत्र लावतो. त्याऐवजी एक साधी चाचणी करा. हातभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी थेंब आतल्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतोय, आणि त्याला दमटपणा शोषणारं यंत्र पुरतं. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत राहिली की बुरशीला वाव राहत नाही. ती मोजायचा छोटा काटा मी पाठवते.

पाणी भिंतीतून येत असेल तरी लगेच घाबरून मोठ्या दुरुस्तीला हात घालू नका. पुष्कळदा कारण बाहेर असतं आणि स्वस्त असतं. पन्हळी पानांनी तुंबल्या की पाणी काठावरून थेट पायाशी पडतं. पन्हळीचा उभा नळ पायालगतच संपत असेल तर छपराचं सगळं पाणी तिथेच मुरतं, तो निदान दीड-दोन मीटर पुढे न्यावा लागतो. आणि घराभोवतीच्या मातीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, पहिल्या 3 मीटरमध्ये साधारण 15 सेंटिमीटर. आपल्याकडे इतक्या वर्षांत माती भिंतीलगत खचून उलटा उतार झालाय, मागच्या वेळी पाऊस पडताना मी तो पाहिला. दोन-तीन गाड्या माती आणून गड्याकडून चोपून घेतली तर माझ्या मते निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. तळघरातला पंप आहे, त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो आपोआप सुरू होतो का तेही बघा.

यानंतर पैसे खर्च करायचेच असतील तर आपणहून घराची तपासणी करून घ्या, विक्रीला काढण्याआधी. यावर दोन मतं आहेत, हे मला माहीत आहे. काही एजंट म्हणतात, दोष कळला की तो सांगावा लागतो, मग कळून घ्यायचाच कशाला. मला हे पटत नाही. दोष निघणारच आहे. आज निघाला तर कामगार आपण निवडू आणि भाव आपण करू. सौदा ठरल्यावर निघाला तर समोरचा घासाघीस करेल आणि तुम्ही तोवर मनाने अर्धे नव्या घरी पोचलेले असाल. जे दुरुस्त केलं त्याची पावती दाखवा, जे नाही केलं ते स्पष्ट लिहून द्या. तुम्ही दोघांनी आयुष्यभर कुणाला फसवलं नाही, आणि घर विकल्यावर कुणाची नोटीस येईल ही धाकधूक या वयात नको.

कागदांची एक फाईल आत्ताच करा: खरेदीचे कागद, जमिनीचा नकाशा, मागची खोली वाढवली त्याची परवानगी, छपराचं आणि बॉयलरचं बिल. खोलीची परवानगी सापडत नसेल तर पालिकेकडून नक्कल मिळवायला वेळ लागतो, म्हणून ते पहिलं. मोठ्या सुधारणांची बिलं करसल्लागारालाही लागतील.

आता स्वयंपाकघर. बाबा, ते पूर्ण नवं करू नका. तुमची हौस कळते मला, पण एवढ्या मोठ्या कामाचा खर्च विकताना क्वचितच पूर्ण वसूल होतो, आणि तुम्ही निवडलेली कपाटं नव्या माणसाला आवडतीलच असं नाही. त्यातून ऐन थंडीत दोन महिने घरभर धूळ, आईचा खोकला वाढणार. गळणारा नळ बदला, सिंकच्या कडेचं काळं पडलेलं सिलंट काढून नवं भरा, कपाटांच्या मुठी आणि सैल झालेल्या बिजागऱ्या नीट करा. तेवढं पुरे. कडी लागत नाही, दार घासतं, जिन्याचा कठडा हलतो, अशा बारीक गोष्टी चार दिसल्या की बघणारा समजतो की मोठ्या गोष्टींकडेही दुर्लक्ष झालं असणार. धुराचे अलार्म 10 वर्षांनी बदलायचे असतात, आपले त्याहून जुने आहेत.

रंग आतून द्या, फिकट आणि सगळीकडे एकच. बाहेरून मात्र थंडीत नको. पाण्यात मिसळायचे बरेच बाहेरचे रंग 10 अंशांखाली नीट धरत नाहीत, आणि रात्रीचं तापमानही त्यात मोजायचं असतं. डब्यावरचं वाचून कामगाराला बजावा. खिडक्यांच्या चौकटींवरचा सगळ्यात जुना रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ वाईट. ते काम जाणकार माणसाचं.

बागेबद्दल आई, तुझ्याशी बोलायचंय, कारण बाबा ऐकणार नाहीत. लायलॅक आणि फॉर्सिथियाच्या झुडपांना हिवाळ्यात कात्री लावू देऊ नकोस. त्यांच्या कळ्या मागच्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, आत्ता छाटलं तर ऐन विक्रीच्या वेळी नुसत्या काड्या उरतील. ट्यूलिप आणि डॅफोडिलचे कंद तू शरद ऋतूत लावलेस ते फार चांगलं झालं, त्यांना फुलायला आधी दोन-तीन महिने तरी थंडी खावी लागते. वाफ्यांवर लाकडाचा भुसा घालाल तो 5 ते 8 सेंटिमीटरच, आणि भिंतीला टेकवू नका. आणि मागच्या जूनमधला बागेचा तुझा फोटो आहे ना, तो जाहिरातीत नक्की द्यायचा.

सामानाबद्दल लिहायला मी थोडी कचरते आहे. आई, घर बघणाऱ्यांना तिथे स्वतःचा संसार मनात मांडून बघायचा असतो, म्हणून आपले फोटो, पुस्तकांचे थर, भिंतीवरची बक्षिसं काढून ठेवायला सांगतात. तुला ते टोचलं हे मला त्या दिवशी आवाजावरून कळलं. पण यात कुणी तुझ्या घराला नावं ठेवत नाहीये. नाहीतरी ते सगळं पुढे बांधायचंच आहे, आपण फक्त काही महिने आधी बांधतोय. सुरुवात फोटो आणि पत्रांनी करू नकोस, तिथेच दिवस जातो आणि मन जड होतं. सुरुवात कर माळ्यापासून आणि गॅरेजपासून, जिथे रिकामे डबे आणि बंद पडलेली यंत्रं आहेत. नव्या फ्लॅटच्या खोल्यांची मापं हाताशी ठेव, म्हणजे जेवणाचं मोठं टेबल न्यायचं की नाही हे टेपच ठरवेल, त्यावरून तुमच्यात वाद नको. माझी आणि दादाची खोकी तुम्ही उघडूसुद्धा नका. ती आम्ही येऊन नेऊ. पत्रांची पेटी आपण तिघं मिळून उघडू, मी आले की.

रोजच्या राहण्यातला वास आपल्याला स्वतःला जाणवत नाही, नाक त्याला सरावतं. वरून सुगंध फवारला तर लोकांना काहीतरी लपवलंय असं वाटतं. पडदे धुवा, गालिचे धुऊन घ्या, खिडक्या उघडा. दिवे सगळीकडे 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे लावा (हा आकडा दिव्याच्या खोक्यावर असतो), एका खोलीत पिवळा आणि दुसरीत निळसर उजेड फोटोत फार वाईट दिसतो. फोटो व्यावसायिकाकडूनच, कारण लोक घर आधी फोनवर पाहतात आणि तिथेच ठरवतात.

घर दाखवायचे दिवस दमवणारे असतात. एजंटला ठरावीक वेळा सांगा, बाबांची दुपारची विश्रांती सोडून, आणि आदल्या दिवशी कळवल्याशिवाय कुणाला आणायचं नाही. औषधं, दागिने, बँकेचे कागद यांतलं काहीही घरात उघड्यावर नको. सोपं म्हणजे त्या दिवसांत ते दादाकडे ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त लोक येतात, तेव्हा तुम्हीच चार दिवस त्याच्याकडे राहायला जा. वहिनीने आधीच खोली तयार ठेवली आहे.

किमतीबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगते. शेजाऱ्यांना किती मिळाले म्हणे, हे धरू नका. गेल्या काही महिन्यांत आसपास प्रत्यक्ष ज्या किमतीला आपल्यासारखी घरं विकली गेली ते आकडे एजंटकडून लेखी घ्या, निदान तीन एजंटांकडून. सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्याला काम देण्याचा मोह होईल. पण जास्त भाव लावलेलं घर पहिले दोन आठवडे, म्हणजे जेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं ते दिवस, वाया घालवतं. नंतर भाव उतरवला की लोक विचारतात, यात काय खोट आहे? लोक संकेतस्थळावर गोल आकड्याची मर्यादा टाकून शोधतात, त्या आकड्याच्या किंचित वर गेलात तर तुम्ही त्यांना दिसतच नाही. तुम्ही या घरासाठी जे केलं त्याची किंमत कुणीच देऊ शकणार नाही, ती मागूही नका.

आणि पोस्टाच्या पेटीत 'आहे तसं घर रोख घेतो' अशी पत्रं येतात, फोनही येतील. गोड बोलतात, घाई करतात, आणि भाव बहुतेक वेळा पुष्कळ कमी असतो. कशावरही सही करण्याआधी मला आणि वकिलाला दाखवा. एजंटच्या करारातही मुदत किती, दलाली किती आणि मध्येच सोडायचं झालं तर काय, एवढं वाचल्याशिवाय सही नको.

या महिन्यात फक्त तीन कामं करा: प्लास्टिकची चाचणी, कागदांची फाईल आणि माती टाकणाऱ्याला फोन. बाकी मी सुट्टी घेऊन येते तेव्हा. पन्हळी साफ करायला माणूस बोलवा, पैसे मी पाठवते आहे. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. आई, शिडी दादाकडे पाठवून दे.

तुमची लेक