मारी बिस्किटातली मारी कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चहासोबतच्या खाण्यावरचा रविवार पुरवणीतला लेख आवडला. खारी, बटर, टोस्ट, सगळ्यांची विचारपूस झाली. मात्र मारी बिस्किटाला फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीचं नाव दिलं गेलं, हे लेखातलं विधान चूक आहे. त्या राणीचा शिरच्छेद झाला १७९३ मध्ये. हे बिस्किट लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने काढलं १८७४ मध्ये, आणि निमित्त होतं एका लग्नाचं. नवरी होती रशियाच्या झारची लेक मारिया अलेक्झांड्रोव्हना, नवरा व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेड.

मारियाचा जन्म ऑक्टोबर १८५३ चा, पीटर्सबर्गजवळच्या त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यातला. थोरली बहीण सात वर्षांची होण्याआधीच गेलेली, त्यामुळे सहा भावांत ही एकटीच मुलगी आणि बापाची अतिशय लाडकी. गंमत म्हणजे ती पाळण्यात असताना तिकडे क्रायमियात रशिया आणि इंग्लंड एकमेकांशी लढत होते, पण पुढे तिला सांभाळायला आया ठेवली ती इंग्रजच. त्यामुळे इंग्रजी तिच्या जिभेवर लहानपणीच बसलं. शिकवायला आन्ना त्युत्चेवा, कवी त्युत्चेव्ह यांची कन्या, मोठी कडक बाई.

आल्फ्रेड आरमारात होता. १८६८ च्या उन्हाळ्यात जर्मनीत, मारियाच्या आजोळच्या प्रांतात, दोघांची भेट झाली. त्यानंतर स्वारी जहाजावरून हिंदुस्थानात आली. १८७० मध्ये मुंबईत त्याने एका खलाशीगृहाची कोनशिला बसवली. रीगल सिनेमासमोरची ती इमारत म्हणजे आजचं महाराष्ट्र पोलीस मुख्यालय. त्याआधी कित्येक वर्षं आपलं विधिमंडळ तिथेच भरत असे. तिथून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

लग्न जुळायला मात्र पाच वर्षं गेली. झारला लेक लांब पाठवायची नव्हती, व्हिक्टोरियाला रशियन सून नको होती. जुलै १८७३ मध्ये साखरपुडा उरकला आणि खरी धमाल सुरू झाली. राणीचा निरोप गेला, मुलगी आधी इकडे आणून दाखवा. झारने साफ नकार दिला. मुलीच्या आईने सुचवलं, जर्मनीतल्या कोलोनला मध्यावर भेटू. हा राणीला उद्धटपणा वाटला! आपल्याकडच्या बैठकीतही मानपानावरून इतकं ताणलेलं मी पाहिलेलं नाही.

२३ जानेवारी १८७४ रोजी पीटर्सबर्गच्या विंटर पॅलेसमध्ये एकाच दिवशी दोनदा लग्न लागलं. आधी रशियाच्या ऑर्थोडॉक्स पद्धतीने, वधूवरांच्या डोक्यावर मुकुट धरून, मग इंग्लंडच्या अँग्लिकन पद्धतीने. त्यासाठी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, स्टॅन्ली मुद्दाम तिथवर गेले होते. वरमाई आलीच नाही. नऊ मुलांपैकी एवढ्या एकाच लग्नाला व्हिक्टोरिया हजर नव्हती.

सासरी आल्यावर वाद निघाला तो दोन शब्दांचा. झारचं म्हणणं, लेकीच्या किताबात ‘इम्पिरियल’, म्हणजे सम्राटाच्या घरची, हे आधी यावं. सासू म्हणाली, ते असो वा नसो, पण ‘रॉयल’, म्हणजे राजघराण्यातली, हे पहिलं. दरबारात उभं राहायची जागाही थोरल्या जावेच्या मागे मिळाली, आणि सम्राटाच्या लेकीला ते शेवटपर्यंत खुपलं. दागिने मात्र तिचे सगळ्यांहून सरस, त्याचा सासूला त्रास. दोन वर्षांनी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतला. त्याला राजकीय कारणं होतीच, पण घरातल्या ‘इम्पिरियल’ सुनेचाही त्यात थोडा वाटा असावा अशी मला आपली शंका आहे.

लंडन तिला कधीच मानवलं नाही. १८९३ मध्ये नवऱ्याला जर्मनीतल्या कोबुर्गची गादी मिळाली, तेव्हा कुठे ती तिथून सुटली. वडील १८८१ मध्ये बॉम्बने मारले गेले, भाऊ सर्गेई १९०५ मध्ये तसाच गेला, धाकट्या पावेलला क्रांतीनंतर गोळ्या घातल्या. १९२० मध्ये झुरिचला ती वारली. तोवर तिच्या माहेरचं राज्यही गेलं होतं आणि कोबुर्गची गादीही.

येत्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. बिस्किटाला ‘मारी’ म्हणायचं की ‘मेरी’, यावर आमच्या घरी चाळीस वर्षं वाद चालू आहे. तो तुमच्यावर सोपवत नाही.

आपली,
एक वाचक, सातारा