मंत्रीसाहेब, आधी कचरा वेचा, मग गवत कापा

मा. रस्तेमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझी देवणी गाय परवा गेली. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आत कॅरीबॅगच्या तुकड्यांचा गोळा, त्यात सुतळी अन् गुटख्याच्या पुड्या गुंतलेल्या. आठवडाभर चारा तोंडात घेत नव्हती. घरातल्या दुधाचा रतीब तिच्यावर होता.

शेत महामार्गाला लागून आहे. ठेकेदाराची माणसं येतात अन् मशीनने कडेचं गवत कापतात. त्यातला कचरा आधी कुणीच उचलत नाही, त्यामुळे बाटल्या-पिशव्यांचाही भुगा होतो. अख्खी पिशवी हाताने वेचता येते हो, नखाएवढे तुकडे चाऱ्यातून कोण निवडणार? कचऱ्याची गाडी मागाहून येते, मर्जी झाली तर. तोवर निम्मं माझ्या सोयाबीनमध्ये. गवतवाला म्हणतो, कचरा आमच्या टेंडरात नाही. कचरावाला म्हणतो, गवतात दिसत नाही.

दोघांना एकाच दिवशी आणा, एवढंच मागणं आहे. आधी वेचणी, मग कापणी, अन् कापलेलं तिथं टाकून जाऊ नका. गाजरगवत फुलायच्या आत काढा. एकेका झाडाला हजारो बिया, फुलल्यावर मशीन फिरवली की पेरणीच झाली. नवरात्र तोंडावर आहे. तुळजापूरला पायी जाणाऱ्या बायामाणसांनी गवत टाळायला ट्रकखाली जायचं का?

फास्टॅगमधून पैसे कापताना मात्र कुणाचं टेंडर आड येत नाही. नाक्यावर दिवसाला लाखो जमत असतील, त्यातलं थोडं रस्त्याच्या कडांवर लावा. हिशोब तुम्हीच करा.

राज्यात गुटखा २०१२ पासून बंद, पिशव्या २०१८ पासून बंद. मग गाईने काय खाल्लं? सप्टेंबर २०२३ मध्ये अख्खं मंत्रिमंडळ संभाजीनगरला आलं, मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींच्या वर घोषणा करून गेलं. आमच्या वाट्याला त्यातलं खुरपंही आलं नाही. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनाचा ताफा यायचा असला की कडा रातोरात चकाचक. म्हणजे येतं तुम्हाला, करायचं नसतं.

भरपाईचं विचारलं तर कचेरीतले साहेब म्हणाले, वीज पडून मेली असती तर मिळाली असती. फॉर्मात प्लॅस्टिकचा रकाना नाही. तेवढा रकाना तरी वाढवा.

आपला,
एक शेतकरी, जि. धाराशिव