शेअर बाजार हलवणाऱ्या आकड्यांची बातमी मागाहून नको, तारीख आधी छापा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतो. पूर्वी नोकरीवालं पोरगं फॉर्म १६ घेऊन यायचं आणि चहा संपेपर्यंत काम व्हायचं, आता सोबत ब्रोकरचं पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचं स्टेटमेंट असतं, मग धंद्याच्या उत्पन्नाचा फॉर्म आयटीआर-३ आला. एफ अँड ओचा (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे शेअर बाजारातल्या पुढच्या तारखेच्या सौद्यांचा) तोटा मुदतीत दाखवला तर ८ वर्षं पुढे नेता येतो हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, पण ते जाऊ द्या. ही स्टेटमेंटं चाळताना एक गोष्ट डोळ्यात भरते, मोठे तोटे ठराविक तारखांच्या आजूबाजूलाच दिसतात. बजेट, रिझर्व्ह बँकेची पॉलिसी (व्याजदराचा निर्णय), अमेरिकेची महागाई, तिकडचे नोकऱ्यांचे आकडे.

आता यातली गंमत बघा. अमेरिकेचा महागाईचा आकडा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला आणि हिवाळ्यात ७ ला येतो, आपला शेअर बाजार ३:३० ला बंद. आपल्या महागाईचा आकडा १२ तारखेच्या आसपास येतो, तोही दुपारी ४ ला. चालू बाजारात येतं ते फक्त बजेट आणि रिझर्व्ह बँकेची पॉलिसी, ती सकाळी १० ला. म्हणजे बाकी आकड्यांवर पोरं ट्रेड करत नाहीत, रात्रभर पोझिशन (उघडा सौदा) धरून बसतात, आणि सकाळी ९:१५ ला बाजार गॅपने, म्हणजे एकदम उडी मारून उघडला की ठरल्या भावाला तोटा थांबवणारा तुमचा स्टॉपलॉस कागदावरच राहतो. जळगावच्या सराफ बाजाराचं तसं नाही, एमसीएक्स या कमोडिटी बाजारात सोनं रात्री उशिरापर्यंत चालतं, तिथे आकडा आला की पाचव्या मिनिटाला भाव हलतो.

परवा एक जण विचारत होता, "भो, दिशा तर बरोबर व्हती, मंग पैसा कुठे गेला?" तर पैसा प्रीमियममध्ये, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत गेला. मोठी बातमी यायच्या आधी सगळेच ऑप्शन घ्यायला धावतात म्हणून प्रीमियम फुगतो आणि बातमी येऊन गेली की ती हवा निघते. समजा १८५ ला कॉल (बाजार चढेल यावरचा ऑप्शन) घेतला, सकाळी निफ्टी निर्देशांक ५० पॉइंट वर उघडला तरी तो १६० ला दिसू शकतो. आणि दिशा चुकली तर विचारूच नका, ३ जून २०२४ ला एक्झिट पोलवर निफ्टी ३ टक्के चढला आणि ४ जूनला निकालाच्या दिवशी जवळपास ६ टक्के पडला. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच सांगितलंय की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १०० पैकी ९३ सामान्य लोकांचा तोटा झाला. आणि हे सगळं त्या अमळनेरात चाललंय जिथे घराघरात विप्रोचे शेअर वर्षानुवर्षं नुसते पडून राहिले आणि त्यांचं सोनं झालं!

त्याहून वाईट म्हणजे करन्सी. मे २०२४ पासून रुपया-डॉलरचे सौदे ज्याचा खरंच परकीय चलनाशी व्यवहार आहे त्यानेच करायचे, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, तर पोरं लगेच परदेशी फॉरेक्स अ‍ॅपवर गेली. अशा बेकायदा अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे, ती कोणी उघडून बघत नाही, केळीचे आलेले पैसे मात्र तिकडे भरतात. त्यांना तारखा कोण सांगतं तर टेलिग्रामवाले, "उद्या डबल".

म्हणून तुमच्याकडे मागणी आहे साहेब. "अमेरिकी महागाईने बाजार गडगडला" ही बातमी तुम्ही दुसऱ्या दिवशी छापता, त्याचा उपयोग काय? दर सोमवारी सोन्याच्या भावाशेजारी चार ओळींची चौकट द्या, या आठवड्यात कोणता आकडा, कोणत्या तारखेला, भारतीय वेळेनुसार किती वाजता, मागच्या वेळी किती होता आणि आता अंदाज किती आहे. तेजी-मंदीचं भाकीत नको, ते सांगणारे गल्लोगल्ली आहेत. जागा नसेल तर राशीभविष्य दोन बोटं कमी करा, आमच्याकडून तक्रार येणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, अमळनेर (जि. जळगाव)