चिनलीच्या आजींना

आजी,

तुमचा नातू जीपमध्ये तुम्हाला ज्या नात्याने हाक मारत होता, तेच नातं मी उचललंय, चालवून घ्या. नाव लिहीत नाही. ‘नाव नको, फोटो नको’ हे तुम्ही ॲरिझोनातल्या तुमच्या नवाहो आदिवासींच्या मुलखात, कॅन्यन डी शे या दरीच्या तोंडाशीच बजावलं होतंत. पत्र मराठीत आहे, कारण अमेरिकेतल्या माझ्या लोकांनीही ते वाचावं असं वाटतं. मन कोसळलं की ज्यांना अध्यात्मासाठी गाजलेल्या सेडोना गावाकडे गाडी काढावीशी वाटते, त्यांनी तर नक्कीच. नातवाला इंग्रजीत करून पाठवेन, तेव्हा आईबद्दलची वाक्यं गाळेन. का, ते पुढे येईलच.

आई गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला सांगलीला पोचता आलं नाही. फिनिक्सच्या घरात बसवेना. कुणीतरी सुचवलं म्हणून सेडोनाला एका गृहस्थांकडे गेले. ते ‘नवाहो पद्धतीने’ गेलेल्या माणसाशी भेट घडवतात म्हणे. तिथे पिसं होती, ढोल होता, भिंतीवर काचेच्या चौकटीत वाळूचं चित्र होतं. लाल डोंगरांतल्या ऊर्जेच्या भोवऱ्यांवरून बोलणं चक्रांवर आलं, मग कर्मावर, मग मागच्या जन्मावर. आमच्याच माळ्यावरचं सामान पुसून मला डॉलरमध्ये परत विकावं, तसा प्रकार. शेवटी डोळे मिटून ते म्हणाले, ‘आई तुमच्या मागेच उभी आहे.’ मला हुंदका आवरेना, तर त्यांनी पुढच्या, आणखी महागड्या सत्राची तारीख दिली. पाण्याचा ग्लास मात्र कुणी पुढे केला नाही.

नंतर वाचलं की 2009 साली सेडोनाजवळच एका स्वयंघोषित गुरूने हजारो डॉलर घेऊन पन्नासहून जास्त माणसं एका बंदिस्त घाम-झोपडीत, म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेने घाम काढायच्या झोपडीत, बसवली होती. त्यातली तिघं दगावली, गुरू तुरुंगात गेला. धंदा काही थांबला नाही.

तुमच्याकडे मी आले ती तसल्याच आशेने. वाटाड्या नवाहो असल्याशिवाय त्या दरीच्या तळाशी सहसा जाता येत नाही, आणि मला तर अस्सल नवाहो माणूसच हवं होतं! तुम्ही मक्याची शेतं दाखवलीत, 1864 साली सैन्याने तोडलेल्या पीच बागांबद्दल सांगितलंत, तुमच्या लोकांना न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेदोंदोच्या बंदिछावणीपर्यंत चालवत नेलं ते सांगितलंत. 1868 च्या तहानंतर ते परत आले, एवढं बोलून गप्प झालात. माझं लक्ष कुठे होतं? जुन्या पडक्या घरांपाशी जीप थांबली आणि मी आईचं सुरू केलं. तुम्ही हात वर केलात. ‘इथे नको.’

तुमच्याकडे शोक चार दिवसांचा, त्यानंतर गेलेल्या माणसाचं नाव घेणंसुद्धा टाळायचं. मृतांच्या जागेपासून लांब राहायचं. आणि याच परंपरेच्या नावावर त्या गृहस्थांनी माझी आई माझ्या पाठीशी आणून उभी केली होती! मी तरी चिकाटी सोडली नाही. म्हटलं, विधी करवून द्या, लागेल तेवढे पैसे देते. तुम्ही हसलात, पण दुखेल असं नाही. विधी गाणारा जो हताली, तो ते वर्षानुवर्षं शिकतो, तुम्ही हताली नाही, असं सरळ सांगितलंत. मोठे विधी नऊ रात्री चालतात. नातेवाईक जमतात, स्वयंपाक करतात, आजारी माणसाबरोबर जागतात. त्याला वाळूच्या चित्रावर बसवतात आणि काम झालं की चित्र पुसून टाकतात. (ती काचेची चौकट आठवून मला तेव्हाच हसू यायला हवं होतं.) मग तुम्ही विचारलंत, ‘तुझी माणसं कुठायत?’

सांगलीला मावशी आहे, म्हटलं. तुमच्यात आईची बहीण ही आईच, हे तुम्ही एखादा नियम सांगावा तसं सांगितलंत. आमच्याकडेही माय मरो, मावशी जगो म्हणतात. पण ते दारात येऊन कुणी म्हणावं लागतं.

दरीत फोनला रेंज नव्हती. सहल तर संपली होती, तुमची दुसरी मंडळी वाट बघत असावीत. तरीही तुम्ही नातवाला जीप वर काठावर घ्यायला लावलीत आणि रेंज आली तिथे थांबवलीत. ‘लाव फोन,’ म्हणालात आणि दोघंही उतरून लांब जाऊन पाठमोरे उभे राहिलात. सांगलीत पहाटेचे साडेपाच. मावशी उठलेली होती. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बरंचसं रडणंच होतं, त्यात मधेच तिने ‘जेवलीस का’ विचारलं.

त्या पाठमोऱ्या उभं राहण्याचे आभार मानायला हे पत्र. जादा पैसे तुम्ही घेतले नाहीत. गूढ असं काही बोलला नाहीत. परतताना उलट घरच्या गमती सांगितल्यात. बहीण रविवारी चर्चला जाते, मामा पेयोटीच्या, म्हणजे गुंगी आणणारा निवडुंग खाऊन करायच्या प्रार्थनेच्या, बैठकांना. त्या बैठकांवर तुमच्याच नवाहो कौन्सिलने 1940 ते 1967 बंदी घातली होती, त्यावरून घरात अजून चिडवाचिडवी चालते. तुम्ही स्वतः पहाटे मक्याचे पराग वाहून पूर्वेला तोंड करता. आणि कुणी आजारी पडलं की सगळे एकाच स्वयंपाकघरात. ज्याच्या घरात इतकं भरलेलं असतं, त्याला परक्याला काही विकण्याची घाई नसते, असं मला वाटतं. सज्जनपणा मी देवळांतही पाहिलाय, पण अनोळखी बाईच्या फोनसाठी डिझेल जाळणारा कमी वेळा.

मावशीने तुमच्यासाठी तासगावचे बेदाणे आणि हळद पाठवलीय. चिनलीच्या पोस्टातला तुमच्या पेटीचा नंबर नातवाने दिला होता, त्यावरच पार्सल टाकलंय. हळद थोडीच घाला, कपड्यांना लागली की जात नाही.

तुमची,
फिनिक्सहून आलेली सांगलीकरीण